चुंबक, मन आणि पुरावा

आजचा विषय आपण जरा लांबून, म्हणजे अठराव्या शतकापासून सुरू करणार आहोत. पण विषय अगदी आजचा आहे. डोक्यापाशी तारेचं एक वेटोळं धरायचं, त्यातून चुंबकीय स्पंद सोडायचे आणि त्याने नैराश्य कमी करायचं, असा एक उपचार गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर पसरला. त्याचं पूर्ण नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. आपण सोयीसाठी टीएमएस म्हणू. आपल्याकडेही मोठ्या शहरांत तो मिळतो, बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत त्यावर संशोधन होतं. घरात कुणी वर्षानुवर्षं गोळ्या घेत असेल आणि गुण येत नसेल, तर घरची माणसं विचारतात, 'हे एकदा करून बघावं का?'

हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा आहे, हे खरंच. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो आम्हा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. 'याने गुण येतो' असं तीन शब्दांचं वाक्य बोलायला कसला पुरावा लागतो? किती लागतो? टीएमएसचा इतिहास हा या प्रश्नाचा फार चांगला पाठ आहे, म्हणून तो आज घेतला.

पासीच्या बागेतलं झाड

१७७८ साली फ्रान्झ मेस्मर नावाचे डॉक्टर व्हिएन्नाहून पॅरिसला आले. त्यांचं म्हणणं असं, की सगळ्या विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, शरीरातला त्याचा प्रवाह अडला की माणूस आजारी पडतो आणि तो मोकळा केला की बरा होतो. याला ते 'प्राणिज चुंबकत्व' म्हणत. सुरुवातीला ते खरे लोहचुंबक वापरत, पुढे नुसते हात फिरवूनही काम होतं असं त्यांना वाटू लागलं. लाकडी पिंपाभोवती रुग्ण बसायचे, पिंपातून निघालेल्या लोखंडी सळ्या दुखऱ्या भागाला लावायचे. कुणाला झटके यायचे, कुणी रडायचं आणि बऱ्याच जणांना त्यानंतर खरोखर बरं वाटायचं. हे शेवटचं लक्षात ठेवा. त्या लोकांना बरं वाटत होतं, ते काही खोटं बोलत नव्हते.

१७८४ मध्ये राजा सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, खगोलशास्त्रज्ञ बाय्यी होते. मेस्मर स्वतः समितीपुढे आले नाहीत, त्यांचे शिष्य डेलॉन यांनी प्रयोग करून दाखवायचं कबूल केलं. पासी इथे फ्रँकलिन यांच्या बागेत डेलॉननी एका जर्दाळूच्या झाडाला 'चुंबकत्व' दिलं. बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधले आणि त्याला एकेका झाडापाशी नेऊन मिठी मारायला सांगितलं. ही झाडं सगळी साधीच होती. तरी पहिल्या झाडापासूनच मुलाला घाम फुटू लागला, पुढे डोकं गरगरू लागलं आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेलं झाड अजून दूरच होतं.

इथे नेमकं काय घडलं? आपल्या न्यायदर्शनात कार्यकारण ठरवायला अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी सांगतात. कारण असेल तिथे कार्य दिसतं, हा अन्वय. कारण नसेल तिथे कार्य दिसत नाही, हा व्यतिरेक. मेस्मरकडे अन्वयाची उदाहरणं ढिगाने होती. समितीने व्यतिरेक तपासला आणि तो मोडला. कारण काढून घेतलं तरी कार्य घडलं. मग त्या कार्याचं कारण दुसरंच काहीतरी असलं पाहिजे. समितीने त्याला नाव दिलं 'कल्पनाशक्ती'. आज आपण त्याच्या एका मोठ्या भागाला प्लासिबो म्हणतो.

फॅरडेपासून शेफील्डपर्यंत

आता मेस्मर खोटा ठरला म्हणून चुंबक आणि मेंदू यांचा काही संबंधच नाही असं म्हणता येईल का? तशी घाई करून चालत नाही. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधलं. शाळेत आपण सगळे शिकलो आहोत. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तर जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो. क्षेत्र स्थिर असेल तर काहीच होत नाही. हा 'बदलत असेल तर' फार महत्त्वाचा आहे. बाजारात चुंबकीय पट्टे आणि चुंबकीय गाद्या मिळतात, त्यांतला चुंबक आपला निवांत पडून असतो. टीएमएसचं तत्त्व सांगून कुणी तुम्हाला अशी गादी विकू लागलं, तर फॅरडेचं नाव घ्या आणि निघा.

मेंदूसुद्धा वाहकच आहे. १८९६ मध्ये पॅरिसमध्ये आर्सेन दार्सोनव्हाल यांनी माणसाचं डोकं मोठ्या वेटोळ्यात ठेवून त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला, तेव्हा त्या माणसाला प्रकाशाचे लखलखाट दिसले. १९०२ मध्ये व्हिएन्नात पोलाचेक आणि बेअर या दोघांनी नैराश्य आणि मनोविकार यांवर विद्युतचुंबकीय यंत्राचं पेटंटही मागितलं. त्यातून पुढे काही निघालं नाही. पुरेसं जोरदार क्षेत्र क्षणार्धात चढवणं आणि उतरवणं त्या काळच्या साधनांना झेपणारं नव्हतं.

मधल्या काळात मेंदूला थेट वीज देण्याची दुसरी वाट निघाली. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेने झटका आणून उपचार केला. आपण ज्याला 'शॉक ट्रीटमेंट' म्हणतो ती हीच, ईसीटी. तिची बदनामी सिनेमांनी भरपूर केली, पण तीव्र नैराश्यात तिच्याइतका खात्रीचा उपाय आजही दुसरा नाही. भूल द्यावी लागते, काही काळ स्मरणावर परिणाम होतो आणि लोक घाबरतात, या मात्र खऱ्या अडचणी आहेत. झटका न आणता, भूल न देता मेंदूच्या एका छोट्या भागाला चेतना देता आली तर? टीएमएसची सगळी ओढ या प्रश्नातून आली.

१९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छोटा लेख छापला. डोक्यावर वेटोळं ठेवून क्षणभराचा स्पंद दिला की समोरच्या माणसाचा हात उडतो, वेदना होत नाहीत. मेंदूचा जो भाग हात हलवतो, त्यावर वेटोळं धरलं होतं. त्यांना मनोविकारांवर उपचार करायचा नव्हता. मेंदूपासून स्नायूपर्यंत संदेश नीट जातो का, हे तपासायचं साधन त्यांना हवं होतं.

बघा, इथे मेस्मर आणि बार्कर यांच्यातला फरक स्पष्ट होतो. बार्कर यांच्या यंत्राने अंगठा हलतो, झोपलेल्याचाही हलू शकतो, विश्वास नसलेल्याचाही हलतो. कल्पनाशक्तीचा तिथे काही संबंध नाही. चुंबकीय स्पंद मेंदूपर्यंत पोचतो, हे निर्विवाद सिद्ध झालं. पण अंगठा हलला म्हणून मन हलतं असं म्हणता येत नाही. 'यंत्र मेंदूवर काहीतरी करतं' हे एक विधान. 'त्याने रुग्ण बरा होतो' हे दुसरं. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारणं ही या क्षेत्रातली सगळ्यात मोहाची चूक आहे आणि जाहिरातींमध्ये ती रोज दिसते.

खरं वेटोळं आणि लटकं वेटोळं

नव्वदच्या दशकात मनोविकारतज्ज्ञ या यंत्राकडे वळले. नैराश्यात मेंदूच्या पुढच्या डाव्या भागाचं काम मंदावलेलं दिसतं, असे काही अभ्यास होते. मग त्या भागाला स्पंद द्यावेत, असा तर्क निघाला. जागा कशी शोधायची? अंगठा ज्या बिंदूवर हलतो तिथून ५ सेंटिमीटर पुढे. इतकी साधी मोजपट्टी होती! १९९५ मध्ये अमेरिकेत मार्क जॉर्ज यांनी ६ रुग्णांवरचा अनुभव छापला. १९९६ मध्ये पास्क्वाल-लिओन यांनी १७ रुग्णांचा अभ्यास छापला, त्यातल्या ११ जणांना ठळक उतार पडला, पण तो साधारण दोन आठवडेच टिकला.

आता नैराश्य हा असा आजार आहे, की तो पुष्कळदा आपला आपणही उतरतो. शिवाय माणूस उपचाराला येतो तो सगळ्यात वाईट दिवसांत, त्यामुळे पुढचे दिवस तसेही थोडे बरे असण्याची शक्यता असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं इथे सहज होतं. म्हणून तुलनेचा गट हवा, चिठ्ठ्या टाकून पाडलेला हवा आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला कळता कामा नये. पासीच्या बागेत डोळे बांधले होते, तेच हे.

गोळीच्या बाबतीत हे सोपं आहे, तशीच दिसणारी साखरेची गोळी द्यायची. यंत्राचं काय करायचं? हे वेटोळं टकटक असा मोठा आवाज करतं, कवटीवर टिचक्या मारल्यासारखं जाणवतं, डोक्याचे स्नायू फडफडतात. सुरुवातीच्या अभ्यासांत लटका उपचार म्हणून वेटोळं नुसतं तिरपं धरत. पण तिरप्या वेटोळ्याने टिचक्यांची जाणीव बदलते, रुग्ण ओळखू शकतो. शिवाय ते धरणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं. डोळ्यांवरची पट्टीच सैल असेल तर परीक्षेला काय अर्थ? म्हणून नव्वदच्या दशकातले बरेच निष्कर्ष आज आपण हातचं राखून वाचतो.

यातला मोठा टप्पा २००७ चा. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने पैसे दिलेला, ३०१ रुग्णांचा अभ्यास. मुख्य कसोटी आधी ठरवलेली होती, चौथ्या आठवड्याला एका ठरावीक मोजपट्टीवरचे गुण. निकाल आला ०.०५७. संख्याशास्त्रात रूढ रेषा आहे ०.०५. म्हणजे किंचित हुकलं. सुरुवातीला दोन्ही गटांच्या आजाराच्या तीव्रतेत फरक होता, त्याची मागाहून दुरुस्ती केल्यावर निकाल रेषेच्या आत आला. दुसऱ्या काही मोजपट्ट्यांवरही तो अनुकूल होता. आता याला काय म्हणायचं? रेषा माणसांनीच आखलेली आहे, ०.०४९ आणि ०.०५७ यांच्यात निसर्गाने काही भिंत घातलेली नाही. पण परीक्षा झाल्यावर प्रश्नपत्रिका दुरुस्त केली, तर उत्तीर्ण होण्याचं वजन कमी होतं, हेही तितकंच खरं. अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार मंडळाचं जानेवारी २००७ मध्ये समाधान झालं नाही. पुढे त्याच अभ्यासातल्या एका उपगटाचं विश्लेषण पुढे आलं. ज्यांना सध्याच्या खेपेत एकाच औषधाने गुण आला नव्हता, त्यांना फायदा जास्त दिसला. त्या आधारावर ऑक्टोबर २००८ मध्ये यंत्राला मर्यादित परवानगी मिळाली.

दोन अभ्यास, दोन उत्तरं

मग सरकारी पैशाने झालेला अभ्यास आला, २०१० मध्ये. रुग्ण १९०. यात लटकं वेटोळं काळजीपूर्वक बनवलं होतं. आवाज तसाच, डोक्याला टिचक्यांसारखी जाणीव व्हावी म्हणून इलेक्ट्रोड लावलेले, फक्त चुंबकीय क्षेत्र अडवलेलं. निकाल असा : खऱ्या उपचाराने पूर्ण लक्षणमुक्ती १४.१ टक्के, लटक्याने ५.१ टक्के. माणसांत सांगायचं तर ९२ पैकी १३ आणि ९८ पैकी ५.

या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी पाहा. जवळजवळ तिप्पट, असं एक म्हणेल. शंभरातल्या ८६ जणांना लक्षणमुक्ती मिळालीच नाही, असं दुसरा म्हणेल. दोघंही खरंच बोलतात. तिसरी भाषा जास्त उपयोगी आहे. साधारण १२ जणांवर उपचार केले, तर लटक्या उपचाराने झालं नसतं असं एक माणूस जास्तीचं बरं होतं. औषधांनी गुण न आलेल्या माणसांच्या बाबतीत हे काही तुच्छ नाही. पण चमत्कारही नाही.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण १६४. पुष्कळांना नैराश्याबरोबर युद्धाच्या आघाताचा त्रास किंवा व्यसनाचा इतिहास होता. खऱ्या उपचाराने सुमारे ४१ टक्के बरे झाले. लटक्याने? सुमारे ३७ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाही. आणि तरी एकंदरीत दर दहा माणसांतली चार बरी झाली! याचा विचार आपण शेवटी करू.

त्याच वर्षी कॅनडातून ४१४ रुग्णांचा अभ्यास आला. साडेसदतीस मिनिटांच्या नेहमीच्या पद्धतीऐवजी तीन मिनिटांची नवी पद्धत वापरली तर गुण कमी येत नाही, असं त्यात दिसलं. रुग्णाच्या वेळेच्या आणि पैशाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. पण लक्षात घ्या, यात लटका गट नव्हताच. दोन पद्धती सारख्या आहेत हे त्याने सांगितलं, त्यातली एक तरी खरी आहे हे आपल्याला दुसरीकडून आणावं लागतं.

मग आलं स्टॅनफर्ड. तिथे नोलन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक रुग्णाच्या मेंदूचा नकाशा काढून नेमकी जागा ठरवली, दिवसाला १० सत्रं, सलग ५ दिवस. लटक्या उपचाराशी तुलना करणाऱ्या अभ्यासात लक्षणमुक्ती खऱ्या गटात ७९ टक्के, लटक्यात १३ टक्के. वर्तमानपत्रांनी हा आकडा उचलला यात नवल नाही. पण टक्क्यांच्या खाली माणसं किती, हे विचारायची सवय लावून घ्या. रुग्ण होते २९. म्हणजे १४ पैकी ११ आणि १५ पैकी २. शिवाय मधल्या तपासणीत निकाल चांगला दिसला म्हणून अभ्यास लवकर थांबवला होता. लहान आणि लवकर थांबलेले अभ्यास परिणाम फुगवून दाखवतात, हा वैद्यकातला जुना अनुभव आहे. इशारा आशेचा आहे, खात्री अजून मोठ्या अभ्यासांतून यायची आहे. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २५५ रुग्णांच्या अभ्यासात मेंदूच्या जोडण्या पाहून नेम धरण्याची तुलना स्कॅनवर जागा ठरवून दिलेल्या नेहमीच्या पद्धतीशी केली. दोन्ही गट सुधारले, पण त्यांच्यात फरक आढळला नाही. म्हणजे महागडा नकाशा हवाच, हे अजून ठरलेलं नाही.

आणखी एक अभ्यास सांगून आकडे संपवू. २०२४ मध्येच नेदरलँड्समध्ये ८९ रुग्णांची तुलना झाली. किमान दोन औषधोपचारांनी गुण आला नव्हता, अशी ही माणसं. एका गटाला टीएमएस, दुसऱ्या गटाला आणखी एक औषध बदलून. लक्षणमुक्ती २७ टक्के विरुद्ध ५ टक्के. इथे कुणाचे डोळे बांधलेले नव्हते, हा त्याचा दोष. पण प्रश्न घरच्या माणसाचाच होता : 'आता पुढे काय करावं?' त्या प्रश्नाला हे उत्तर बरंच कामाचं आहे.

तर आपण कुठे आलो? औषधांनी न हटलेल्या नैराश्यात टीएमएसचा परिणाम खरा आहे, सरासरीने माफक आहे, माणसागणिक फार बदलतो. गंभीर धोका कमी आहे. झटका येण्याची शक्यता असते, पण ती फार विरळ. डोकं दुखणं मात्र नेहमीचं. परिणाम टिकेलच असं नाही, काहींना पुन्हा यावं लागतं. मंत्रचळेपणाच्या विकारासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, २०१८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. त्यामागच्या ९९ रुग्णांच्या अभ्यासात ३८ टक्के विरुद्ध ११ टक्के असा प्रतिसाद होता. बाकी आजारांची जी लांबलचक यादी काही फलकांवर दिसते, तिला इतका आधार नाही. आणि जीवावर बेतलेलं नैराश्य असेल, माणूस खात-पीत नसेल, मरणाची भाषा करत असेल, तर टीएमएसच्या चार-सहा आठवड्यांची वाट बघत बसू नये. तिथे तातडीने डॉक्टर गाठावा, ईसीटीचं नाव निघालं तर दचकू नये.

शेवटचा प्रश्न

आता तो राहिलेला प्रश्न. श्रोत्यांकडून तो येतोच : 'लटक्या उपचाराने ३७ टक्के बरे होत असतील, तर लटकाच का देऊ नये? स्वस्तात काम होईल.'

पहिली गोष्ट, ते ३७ टक्के 'लटक्यामुळे' बरे झाले हे सिद्ध झालेलं नाही. त्यात आपोआप उतरलेले आहेत, औषधं चालू असलेले आहेत. ते वेगळं काढायला तिसरा गट लागला असता, ज्याला काहीच मिळालं नाही. व्यतिरेक इथेही अर्धाच तपासला गेला आहे. दुसरी गोष्ट, असा उपचार खरा म्हणून विकायचा, तर रुग्णाशी खोटं बोलावं लागेल. मनाने खचलेल्या माणसाकडे आधीच विश्वास थोडा उरलेला असतो. तो फसवून वापरणं हे औषध नव्हे.

पण तिसरी गोष्ट आपण नीट पाहू. त्या लटक्या गटाला प्रत्यक्षात काय मिळालं? कित्येक आठवडे रोज सकाळी उठून कुठेतरी जायचं कारण मिळालं. तिथे कुणीतरी नावाने हाक मारत होतं, 'काल झोप लागली का?' विचारत होतं, एखादा दिवस आलं नाही तर फोन करत होतं. एकट्या पडलेल्या माणसाला, मग तो सैनिक असो की आपल्या शेजारचा कुणी, हे वर्षानुवर्षं मिळालेलं नसतं. यात खोटं काहीच नाही. हे उघडपणे, नाव घेऊन देता येतं आणि त्याला वेटोळं लागत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं, की आपल्या देशात नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला यंत्र लवकर येणार नाही. ही विचारपूस मात्र यायला हरकत नाही.

तेव्हा कुणी टीएमएस सुचवलं तर चार प्रश्न जरूर विचारा. आमच्या माणसाच्या आजारासाठी लटक्या उपचाराशी तुलना केलेला पुरावा आहे का? त्यात माणसं किती होती? गुण आला तर किती दिवस टिकतो? आणि नाही आला तर पुढची वाट कोणती? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही. आणि चालू औषधं त्याला विचारल्याशिवाय बंद करू नका.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी याच धाग्याने आपण 'सरासरी' या शब्दाकडे येऊ. शंभर माणसांवरून काढलेला आकडा समोर बसलेल्या एका माणसाबद्दल नेमकं काय सांगतो, हा प्रश्न आज आपण बाजूला ठेवला होता.